शुगरच्या फाईलमध्ये मनाचंही एक पान ठेवा : डायबेटिस आणि डिप्रेशन एकत्र कसं सांभाळायचं

शुगर असलेल्या माणसाला तब्येत विचारली की तो आकडे सांगतो. फास्टिंग (उपाशीपोटी) १४०, पीपी (जेवणानंतर) २१०, एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर) साडेआठ. आमच्या घरात तर हे नेहमीचंच आहे, आईला शुगर, मला शुगर, मामाला शुगर, लग्नकार्यात भेटलो की पानावर बसल्याबसल्या आधी एकमेकांचे रिपोर्ट विचारतो. पण हल्ली सकाळी उठावंसंच वाटत नाही, टीव्हीसमोर दोन तास बसून काय बघितलं ते आठवत नाही, नात जवळ आली तरी चिडचिड होते, हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. डॉक्टरांकडे बाहेर एवढी गर्दी असते की ते रिपोर्ट बघतात, गोळी वाढवतात, चालायला जा म्हणतात आणि पुढच्याला बोलावतात. मनाचा विषय निघायला जागाच राहत नाही.

म्हणून हे लिहितेय. डायबेटिस असलेल्या माणसाला डिप्रेशन येण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा साधारण दुप्पट असते, हे जगभरच्या अभ्यासांत परत परत दिसलंय. आणि उलटंही आहे, ज्याला आधीपासून डिप्रेशन आहे त्याला पुढे टाइप २ डायबेटिस होण्याचा धोका वाढतो. २०२३ मध्ये आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशभरच्या पाहणीचे आकडे आले त्यात भारतात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस असल्याचं निघालं, म्हणजे मोठ्या माणसांत शंभरात अकराहून जास्त. आता संध्याकाळच्या कुठल्याही भरलेल्या लोकलच्या डब्यात शुगरवाले किती असतील आणि त्यातले आतून खचलेले किती असतील याचा विचार करा. हा संबंध नव्याने कळलाय असंही नाही बरं का, १७ व्या शतकात थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरने लिहून ठेवलं होतं की दीर्घ दुःखातून मधुमेह होतो. कारण त्याने अर्धवट सांगितलं पण दोन्ही गोष्टी जोडीने येतात हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं होतं.

हे होतं कसं ते नीट समजून घ्या कारण त्यावरच पुढचं सगळं आहे. मनावर सतत ताण असला की शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन वाढतं, त्याने लिव्हर जास्त साखर रक्तात सोडतं आणि इन्सुलिनचा असर कमी होतो, म्हणजे तुम्ही तीच भाकरी आणि तीच गोळी घेतलीत तरी आकडा वर जातो. त्यात मन खचलेलं असलं की गोळी विसरते, चालायला जाणं बंद होतं, भाजी चिरायचा कंटाळा येतो मग वडापाव नाहीतर फरसाणावर भागवलं जातं, झोप तुकड्या तुकड्यात. दुसऱ्या बाजूने बघा, शुगर जास्त राहिली की दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं, रात्री लघवीला तीनतीनदा उठावं लागतं, पाय जळजळतात, डोळे जातील का किडनी जाईल का याची भीती असते, स्ट्रिप आणि औषधांचा खर्च असतो आणि वर प्रत्येक घासाला कुणीतरी हटकतं. एकाने दुसरं वाढतं. डॉक्टर म्हणतात शुगर कंट्रोल करा मग बरं वाटेल, आणि माणसात तर ती कंट्रोल करायची ताकदच उरलेली नसते.

तर माझं म्हणणं हे की मनाचा हिशोब शुगरच्याच वहीत लिहायचा, त्याच फाईलमध्ये ठेवायचा आणि त्याच डॉक्टरांना दाखवायचा. दोन्हीचे उपचार वेगवेगळे चालवले आणि एकाला दुसऱ्याचं माहीतच नसलं तर दोन्हीकडे घोळ होतो. कसं करायचं ते सांगते.

आधी नक्की काय होतंय ते वेगळं करा

सगळ्या वाईट वाटण्याला डिप्रेशन म्हणू नका. पहिली शंका शुगर लो होण्याची घ्या. अचानक हात थरथरणं, घाम, छातीत धडधड, रडू येणं, विनाकारण भडकणं, हे दहापंधरा मिनिटांत आलं असेल तर आधी ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल तर तो मनाचा विषय नाहीये, तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी परत चेक करा, अजून कमी असेल तर परत तेच, आणि वर आली की काहीतरी नीट खा. अशा वेळी चॉकलेट बिस्किटं देऊ नका, त्यातल्या तुपातेलामुळे साखर हळू चढते. माणूस गुंगीत असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच हॉस्पिटल. मी हे एवढं सविस्तर सांगतेय कारण कितीतरी घरांत याला "बीपी वाढलं असेल" किंवा "स्वभावच तापट झालाय हल्ली" म्हणून सोडून देतात, आणि लोकलमध्ये उभ्याउभ्या असं झालं की माणूस घाबरून जातो आणि पुढे प्रवासालाच भितो. पर्समध्ये, ऑफिसच्या बॅगेत ग्लुकोजची पुडी हवीच.

दुसरं म्हणजे शुगर बरेच दिवस जास्त राहिल्याचा थकवा. तहान, परत परत लघवी, धूसर दिसणं आणि अंगात त्राण नाही. यात मनही मलूल होतं पण आकडा खाली आला की बऱ्यापैकी फरक पडतो.

तिसरं जे आहे ते सगळ्यात जास्त लोकांना असतं आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. डॉक्टर त्याला डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात. म्हणजे या आजाराचाच वीट आलेला असतो. सुट्टी नाही, शनिवार नाही रविवार नाही, गणपतीत मोदक समोर असताना मनात हिशोब, एवढं सगळं करून रिपोर्ट वाईट आला की वाटतं कशाला करतोय आपण हे. मग माणूस ग्लुकोमीटर कपाटात टाकून देतो कारण तो आकडा बघायचीच धास्ती वाटते. हे डिप्रेशन नाही पण सोडून दिलं तर त्या दिशेने जाऊ शकतं. ओळखायची एक सोपी खूण सांगते. शुगरचा विषय पूर्ण बाजूला ठेवला की, म्हणजे क्रिकेटची मॅच आहे, सोसायटीच्या गणपतीचं डेकोरेशन चालू आहे, जुनी मैत्रीण भेटलीय, तेव्हा मन रमतं का? रमत असेल तर बहुतेक डिस्ट्रेस आहे. त्याला गोळीची गरज नसते, त्याला ओझं हलकं करायला हवं असतं. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मला एवढं सगळं झेपत नाहीये, दिवसातून चार वेळा टोचण्याऐवजी कमी वेळा चालेल का, तीन गोळ्यांऐवजी एकत्र असलेली एक मिळेल का, या तीन महिन्यात एकच गोष्ट धरून चालू का. बरेच डॉक्टर हो म्हणतात, त्यांना फक्त कुणी सांगितलेलं नसतं.

आणि चौथं खरं डिप्रेशन, जिथे मॅच नको, मैत्रीण नको, काहीच नको.

दोन प्रश्न

जगभर डॉक्टर सुरुवातीला हेच दोन विचारतात. गेल्या दोन आठवड्यांत, एक, कुठल्याही गोष्टीत रस किंवा आनंद वाटला नाही असं किती दिवस झालं? आणि दोन, उदास, निराश, हताश वाटलं असं किती दिवस? अजिबात नाही म्हणजे ०, काही दिवस म्हणजे १, निम्म्याहून जास्त दिवस म्हणजे २, जवळजवळ रोज म्हणजे ३. दोन्हीची बेरीज ३ किंवा त्याच्यावर गेली तर पुढची नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली भरायची, ती मराठीतही आहे. त्यात २७ पैकी १० किंवा जास्त आले की डॉक्टरांशी बोलायलाच हवं. याने निदान होत नाही, हे फक्त चाळणीचं काम करतं, निदान डॉक्टरच करणार.

शुगरवाल्यांनी यात एक गोष्ट ध्यानात ठेवायची. त्या नऊ प्रश्नांतले थकवा, झोप, भूक, लक्ष न लागणं हे प्रश्न शुगरमुळेही हो येऊ शकतात. त्यामुळे माणूस स्वतःची समजूत घालतो की शुगरमुळेच होतंय सगळं. तर रस उडालाय का आणि उदास वाटतंय का, या दोन उत्तरांकडे जास्त बघा. आणि मरणाचे विचार येतात का या शेवटच्या प्रश्नाला ० सोडून काहीही उत्तर असेल तर बेरीज किती का येईना, थांबायचं नाही.

पुरुषांबद्दल वेगळं सांगायला हवं. आपल्याकडचे बाबा, काका लोक उदास वाटतं असं कधी म्हणणार नाहीत. ते चिडतात, गप्प होतात, कामावरून उशिरा येतात, क्वार्टर सुरू होते. दारू मनालाही खाली ओढते आणि इन्सुलिन किंवा काही गोळ्यांबरोबर रात्री शुगरही पाडते. शिवाय डायबेटिसमुळे शरीरसंबंधात अडचण येणं खूप कॉमन आहे, त्याची लाज वाटते, बायकोशी बोलत नाहीत, डॉक्टरशी तर नाहीच. त्यावर उपचार आहेत. हा प्रश्न समोरासमोर विचारणं जमत नसेल तर चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या, चालतं.

वहीत एक रकाना वाढवा

शुगर लिहायची वही असेलच, नसेल तर साधी दहा रुपयांची वही घ्या. तारीख, शुगर, आणि त्याच ओळीत झोप किती तास झाली आणि मन कसं आहे याला ० ते १० मधला एक आकडा. ० म्हणजे सगळ्यात वाईट. निबंध लिहायचा नाही, एक आकडा पुरे. तीनचार आठवड्यांनी मागे वळून बघा. कुणाला दिसतं की झोप पाच तासांच्या खाली गेली की दुसऱ्या दिवशी मनही खाली आणि फास्टिंगही वर. नाईट शिफ्टवाल्यांना दिसतं की शिफ्ट बदलली त्या आठवड्यात सगळंच कोलमडलं. कुणाला दिसतं की उपवासाच्या दिवशी दुपारी मन घसरतं, आणि चेक केलं तर कधी साबुदाण्याने शुगर चढलेली असते, कधी न खाल्ल्याने पडलेली असते. हे असं कागदावर आलं की डॉक्टरांना दोन मिनिटांत कळतं, नाहीतर तोंडी सांगताना आपण "बरंय, ठीक आहे" एवढंच म्हणतो.

मनाची गोळी सुरू करण्याआधी काही टेस्ट

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं घेतली की शरीरात बी१२ व्हिटॅमिन कमी होऊ शकतं, आणि आपल्यात शाकाहारी लोक भरपूर, त्यांच्यात ते मुळातच कमी असतं. बी१२ कमी असलं की थकवा, विसराळूपणा, उदासपणा, हातापायाला मुंग्या. म्हणजे एकीकडे डिप्रेशनसारखं दिसतं आणि दुसरीकडे शुगरने नसा खराब झाल्यासारखं. थायरॉईड कमी काम करत असलं तरी तसंच, सुस्ती, वजन वाढणं, मन उदास, बायकांत तर जास्तच. म्हणून बी१२, टीएसएच (थायरॉईडची टेस्ट) आणि हिमोग्लोबिन, या तीन गोष्टी तरी करून घ्यायला सांगा डॉक्टरांना. रात्री जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकल्यासारखं होणं, आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड, हे असेल तर स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराबद्दल विचारा, तो शुगरवाल्यांत बऱ्याच जणांना असतो आणि दिवसभर मन आणि अंग दोन्ही मलूल ठेवतो. पण टेस्टमध्ये काहीतरी सापडलं म्हणजे डिप्रेशन नाहीच असं धरू नका, दोन्ही असू शकतं.

डॉक्टरांसमोर काय बोलायचं

वेळ पाचच मिनिटं मिळणार हे गृहीत धरून जा. आत गेल्यावर रिपोर्ट पुढे करायच्या आधी हे वाक्य बोला: "डॉक्टर, शुगरबरोबर मला अजून एक सांगायचंय, गेले काही आठवडे माझं मन कशातच लागत नाही, त्यामुळे गोळ्या पण चुकतायत." यातला गोळ्या चुकतायत हा भाग लपवू नका. तो लपवला की डॉक्टरांना वाटतं औषध कमी पडतंय, ते डोस वाढवतात, आणि त्याचा त्रास पुढे होतो, तो शेवटी सांगते. घरचं कुणीतरी बरोबर असेल तर उत्तमच पण आधी ठरवून घ्या, नाहीतर आत गेल्यावर "काही ऐकतच नाही हो ह्या, काल पण आंबा खाल्ला" असं सुरू होतं आणि खरा विषय राहतो बाजूला.

शुगरचे डॉक्टर म्हणाले की मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, तर मुंबईत खाजगी भरपूर आहेत पण पैशांचा प्रश्न असेल तर परळचं केईएम, सायन हॉस्पिटल, मुंबई सेंट्रलचं नायर, जुहूचं कूपर, भायखळ्याचं जेजे, या सगळीकडे मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. सकाळी लवकर जायचं, केसपेपर काढायचा, गर्दी असते म्हणून डबा आणि ग्लुकोजची पुडी बरोबर ठेवायची, उपाशी रांगेत उभं राहायचं नाही. शुगरची फाईल न्यायचीच, सगळ्या गोळ्यांची पानंसुद्धा. आणि फोनवरून बोलायचं असेल तर टेलीमानस ही सरकारची हेल्पलाईन आहे, नंबर १४४१६, २०२२ पासून सुरू आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. चाळीत किंवा वन रूम किचनमध्ये घरात एकांत मिळत नाही हे मला माहितीये, बायका तर गच्चीवर जाऊन फोन करतात, चालेल, नाहीतर बागेत बाकावर बसून करा. मेडिक्लेमचं सांगायचं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारही शारीरिक आजारासारखाच धरायला सांगितलंय, पण ओपीडीचा खर्च बऱ्याच पॉलिसीत नसतोच, तेव्हा आपली पॉलिसी वाचून घ्या.

गोळ्या, आणि बोलण्याची थेरपी

सगळ्यांना गोळी लागते असं नाही. सौम्य असेल तर काउन्सेलिंग, खासकरून सीबीटी नावाची पद्धत, ज्यात आपल्या डोक्यातले "मी कायमच नापास" टाईपचे विचार तपासायला शिकवतात, त्याने शुगरवाल्यांचं डिप्रेशन कमी होतं हे अभ्यासांत दिसलंय. मध्यम किंवा जास्त असेल तर सहसा गोळी लागते आणि ती घ्यायला अजिबात कमीपणा वाटून घेऊ नका. इन्सुलिन घेतो म्हणून कुणी आपल्याला कमजोर म्हणत नाही ना, मग यातही नाही.

मानसोपचारतज्ज्ञांना पहिलं वाक्य हेच सांगा की मला डायबेटिस आहे. कारण या गोळ्यांत फरक आहे. मिर्टाझापिनसारख्या काहींनी भूक आणि वजन वाढू शकतं, ओलांझापिनने शुगरही चढू शकते. फ्लुऑक्सेटिनसारख्या काहींनी शुगर थोडी खाली येऊ शकते, म्हणजे सुरुवातीचे काही आठवडे जास्त वेळा चेक करायचं. पायांची जळजळही असेल आणि डिप्रेशनही असेल तर ड्युलोक्सेटिन दोन्हीवर वापरतात, त्याबद्दल विचारू शकता. धडधड आणि घाबरेपणासाठी प्रोप्रॅनोलॉल देतात कधीकधी, तिने शुगर लो झाल्याची थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम तेवढा येतो, तर इन्सुलिन घेणाऱ्यांनी ती डॉक्टरांना आपलं इन्सुलिन सांगितल्याशिवाय घेऊ नये. ही नावं मी विचारण्यासाठी दिलीयत, मेडिकलमधून स्वतः आणून घेण्यासाठी नाही, आणि शेजारच्या वहिनींना लागू पडलेली गोळी तुम्हाला चालेल असंही नाही.

गोळीचा असर दिसायला दोन ते चार आठवडे जातात, पूर्ण यायला आणखी जास्त. पहिल्या आठवड्यात मळमळ, झोप कमीजास्त होऊ शकते. बरेच जण इथेच सोडतात आणि म्हणतात काही उपयोग झाला नाही. आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करायची नाही, चक्कर, बेचैनी होते, आजार परत येतो. कधी आणि कशी कमी करायची ते डॉक्टर सांगतात, साधारण बरं वाटल्यावरही सहा महिने तरी चालू ठेवतात. सवय लागते का असं सगळे विचारतात, दारू सिगरेटसारखी नाही लागत.

दोन्हीचे उपचार एकत्र केले तर फरक पडतो याचा पुरावा आपल्या देशातलाच आहे. चेन्नई, बंगळुरू, दिल्ली आणि विशाखापट्टणमच्या क्लिनिकमध्ये डायबेटिस आणि डिप्रेशन दोन्ही असलेल्या ४०४ पेशंटवर एक अभ्यास झाला, २०२० मध्ये त्याचे निकाल आले. त्यात एक कोऑर्डिनेटर नेमलेला, जो डॉक्टर नव्हता, तो पेशंटला नियमित विचारपूस करायचा, मनाचे आणि शुगरचे आकडे दोन्ही बघायचा आणि अडलं तर तज्ज्ञांचा सल्ला डॉक्टरांपर्यंत पोचवायचा. दोन वर्षांनी असं दिसलं की डिप्रेशन निम्म्याने कमी होऊन शिवाय शुगर, बीपी किंवा कोलेस्टेरॉलपैकी काहीतरी सुधारलं असे लोक या गटात शंभरात साधारण ७१ होते, नेहमीसारखे उपचार घेणाऱ्यांत ५७. आपल्याला कोऑर्डिनेटर कोण देणार, पण घरातली मुलगी, सून, भाऊ, कुणीही एक माणूस हे करू शकतो. आठवड्यातून एकदा वही बघायची, गोळ्या संपल्यात का बघायचं, पुढची तारीख लक्षात ठेवायची.

अगदी वाईट दिवसासाठी

अशा दिवशी पूर्ण डाएट, पूर्ण वॉक वगैरे होणार नाही, ते करायला जाऊच नका. बऱ्या दिवशी बसून एका कागदावर लिहून ठेवा की काहीही झालं तरी एवढं करायचं, आणि फ्रीजवर लावा. माझ्या मते त्यात तीन गोष्टी पुरेत. गोळी किंवा इन्सुलिन. काहीतरी खाणं, दहीभात म्हणा, अंडं म्हणा, उसळ म्हणा. आणि घराबाहेर दहा मिनिटं, अगदी बिल्डिंगच्या खाली जाऊन यायचं. जेवणानंतर दहा मिनिटं चाललं तरी शुगरची उसळी कमी होते आणि ऊन, माणसं, आवाज याने मनाची कोंडी थोडी फुटते. इच्छा होईपर्यंत वाट बघू नका, डिप्रेशनमध्ये इच्छा आधी येत नाही, आधी उठायचं, इच्छा मागून येते. पावसाळ्यात बाहेर चिखल असेल तर मजल्यावरच्या पॅसेजमध्ये चाला, पायाला जखम मात्र होऊ देऊ नका, चप्पल घालूनच.

आणि हे नीट वाचा. डिप्रेशनमध्ये भूक मरते. जेवण अर्धवट आणि ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन मात्र पूर्ण, असं झालं की शुगर धाडकन पडते. नुसती मेटफॉर्मिन असेल तर सहसा असं होत नाही. तेव्हा जेवण जात नसेल तर कुठली गोळी किती घ्यायची हे डॉक्टरांकडून आधीच लिहून आणा. टाइप १ वाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही त्यांनी, मात्र जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन स्वतःहून पूर्ण बंद करायचं नाही, कधीच नाही, वांत्या, पोटात दुखणं, जोरजोरात श्वास सुरू झाला तर ती इमर्जन्सी आहे.

घरच्यांनी

"परत गोड खाल्लंत ना", "जरा मनाने खंबीर हो", "अमक्याला कॅन्सर आहे तरी तो हसतो, तुला काय झालंय", ही तीन वाक्यं घरातून काढून टाका. पहिल्या वाक्याने माणूस चोरून खायला लागतो, दुसऱ्या आणि तिसऱ्याने बोलायचाच बंद होतो. त्याऐवजी आकडा न विचारता बोला. "आई, आज झोप लागली का गं?" "अहो, चला मी पण येते खाली, दूध आणायचंय." "दादा, पुढच्या वेळी डॉक्टरकडे मी येऊ का बरोबर?" घरात सगळ्यांचं जेवण एकच ठेवा, तिला वेगळी ज्वारीची भाकरी आणि बाकीच्यांना पुरी श्रीखंड असं समोरासमोर रोज झालं तर कुणाचंही मन खट्टू होईल. आणि ज्या घरातली बाईच पेशंट आहे तिथे तिला आराम कर सांगून उपयोग नाही, एका वेळचा स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी हातात घ्या.

मरणाची भाषा निघाली, "मी नसते तर सुटला असतात सगळे", "आता औषधं बंदच करते", तर हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट माणसाला हायसं वाटतं. हो म्हणाली तर एकटं सोडायचं नाही, इन्सुलिन आणि गोळ्यांचा साठा घरच्या दुसऱ्या माणसाने स्वतःकडे ठेवायचा आणि वेळेला हातात द्यायचा, १४४१६ ला फोन करायचा, धोका समोर दिसत असेल तर १०८ किंवा थेट जवळच्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी. पोलीस केस होईल म्हणून लपवू नका, त्याच २०१७ च्या कायद्यानुसार असा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखाली असलेला धरतात आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

बरं वाटायला लागल्यावर

मघाशी म्हटलं ते हे. वाईट महिन्यांत गोळ्या चुकत होत्या, शुगर चढली, डॉक्टरांनी डोस वाढवला. आता मन सावरलं, माणूस वाढवलेला डोस नियमित घ्यायला लागला, चालायलाही जातो, आणि शुगर पडायला लागते. चांगलं चाललेलं असताना असं झालं की लोक घाबरतात आणि त्यांना वाटतं डिप्रेशनच्या गोळीने झालं, ती बंद करतात. तर सुधारणा सुरू झाली की पहिल्या महिनाभरात शुगर जास्त वेळा बघा, सकाळी आणि रात्री झोपताना तर नक्की, आणि ७० च्या आसपास यायला लागली तर डॉक्टरांना फोन करून शुगरचा डोस कमी करून घ्या. एचबीए१सी मागच्या तीन महिन्यांचं दाखवतं, त्यामुळे त्यात सुधारणा उशिरा दिसेल, मन आधी सावरेल, निराश होऊ नका. आणि दर तीन महिन्यांनी एचबीए१सीचं रक्त द्यायला जाल त्याच दिवशी ते दोन प्रश्न परत स्वतःला विचारा आणि बेरीज रिपोर्टच्या मागे पेनाने लिहून फाईलला लावा.